वस्त्रवर्गीकरण, आयात-जकात आणि बुलढाणा जिल्ह्याचा कापूस

१. प्रास्ताविक

जकातीचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा दरांकडे जाते. अमुक साली शेकडा पाच, तमुक साली शेकडा साडेतीन, पुढे पंधरा, पंचवीस, पंचाहत्तर अशी दरांची चढउतार सांगितली म्हणजे जकातीच्या धोरणाचे चित्र पूर्ण झाले असे मानले जाते. परंतु दर लागू होण्यापूर्वी एक पायरी असते. बंदरावर उतरलेला माल कोणत्या सदरात मोडतो हे आधी ठरवावे लागते, आणि त्या निर्णयानंतरच दराचा प्रश्न उद्भवतो. कापडाच्या बाबतीत ही पायरी विशेष महत्त्वाची आहे. कापड जाडे की तलम, कोरे की धुवट, ठाण की तुकडा, सुती की कृत्रिम रेशमाचे, या प्रश्नांची उत्तरे कायद्याने ठरवून दिलेल्या मोजमापाने द्यावी लागतात. आणि ते मोजमाप कोणी, कोणाच्या सोयीसाठी निश्चित केले यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

या मोजमापांचा परिणाम बंदरापुरता मर्यादित राहिला नाही. बुलढाणा जिल्ह्यातील कापूस उत्पादकाने मुंबईचे जकातघर कधी पाहिले नसेल. तथापि सन १८७५ पासून तेथे वेळोवेळी आखल्या गेलेल्या वर्गरेषांनी त्याच्या कापसाला कोणते गिऱ्हाईक मिळावे आणि कोणत्या भावाने मिळावे हे ठरविण्यात मोठा भाग घेतला. त्या वर्गरेषांचा या जिल्ह्याच्या दृष्टीने विचार करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. सांप्रत विणकामावाचून तयार होणाऱ्या कृत्रिम कापडाच्या वर्गीकरणावरून जे वाद चालू आहेत, त्यांचे स्वरूपही या पूर्वेतिहासाच्या प्रकाशात अधिक स्पष्ट होते.

२. जिल्हा आणि त्याचा कापूस

सन १८५३ च्या तहाने वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. सार्वभौमत्व मात्र नावापुरते का होईना निजामाकडेच राहिले. पुढे १९०२ मध्ये वार्षिक पंचवीस लक्ष रुपयांच्या मोबदल्यात हा प्रांत कायमच्या पट्ट्याने इंग्रज सरकारकडे गेला. या राजकीय व्यवस्थेमुळे बुलढाणा जिल्ह्याला एक वेगळे भौगोलिक स्थान प्राप्त झाले. त्याच्या पश्चिमेस व दक्षिणेस प्रत्यक्ष निजामी मुलूख होता, आणि त्या मुलखाचे स्वतःचे जकात खाते होते. त्यास तेथे करोडगिरी म्हणत. सन १८०२ च्या व्यापारी तहात शेकडा पाच हा जो दर आला, तोच पुढे दीर्घ काळ निजामी जकातीचा सर्वसाधारण दर राहिला. जकातीची सीमा ही कल्पना या जिल्ह्याच्या दक्षिण व पश्चिम भागांतील व्यापाऱ्यास अशा रीतीने प्रत्यक्ष परिचयाची होती. तथापि त्याच्या कापसाचे भवितव्य या जवळच्या नाक्यांपेक्षा दूरच्या मुंबई बंदरावर अधिक अवलंबून होते.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवणे अवश्य आहे. आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील सर्वांत मोठी कापूसपेठ जी खामगाव, ती आरंभी या जिल्ह्यात नव्हती. सन १९०५ च्या पुनर्रचनेत खामगाव व जळगाव हे तालुके अकोला जिल्ह्यातून काढून बुलढाण्यास जोडण्यात आले. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील जिल्हावार आकडे पुढील आकड्यांशी सरळ ताडून पाहता येत नाहीत.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, लँकेशायरला अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडी कापसाचे भाव अभूतपूर्व चढले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा भुसावळहून निघालेला फाटा मलकापूर, नांदुरा, शेगाव या मार्गाने पुढे सरकत १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. जलंबहून खामगावला जाणारा आठ मैलांचा फाटा १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खुला झाला. एका कापूसपेठेसाठी स्वतंत्र लोहमार्ग घालावा आणि त्याच्या उद्घाटनास व्हाइसरॉयने यावे, यावरून त्या पेठेचे तत्कालीन महत्त्व ध्यानात येते. राली, वोलकार्ट इत्यादी युरोपीय पेढ्यांची खरेदी वऱ्हाडात सुरू झाली, आणि जिन व प्रेस उभे राहिले.

या कापसाचा गुणधर्म हा पुढील सर्व विवेचनाचा पाया आहे. वऱ्हाडात बणी व जडी या दोन जाती प्रसिद्ध होत्या. बणीचा तंतू तुलनेने लांब व तलम, तर जडीचा आखूड व भरड. परंतु जडीचे पीक अधिक येई आणि तिच्यातून रुईचा उतारा अधिक पडे. खरेदीदार तंतूच्या लांबीबद्दल पुरेसा जादा भाव देत नसे. साहजिकच शेतकऱ्याने जडी पत्करली. मुंबईच्या बाजारात वऱ्हाड व खानदेशकडील हा माल उमरावतीच्या नावावरून ‘ऊमरा’ या संज्ञेने ओळखला जाई. त्यातून सामान्यतः वीस नंबरच्या खालचे जाडे सूत निघे. हा ‘नंबर’ म्हणजे एक पौंड सुतात ८४० वारांच्या किती लडी बसतात त्याची संख्या होय. वीस नंबरच्या एक पौंड सुताची लांबी १६,८०० वार भरते. नंबर जितका मोठा, तितके सूत बारीक. ही मोजणी मुळात सूतगिरणीतील होती. जकातीच्या कायद्याने ती उचलली आणि तिला राजकीय अर्थ प्राप्त झाला.

३. तीस नंबरची रेषा : १८७५ ते १८८२

सन १८७५ च्या जकात कायद्याने विलायती सुती कापडावर शेकडा पाच दर कायम ठेवला, पण त्याच वेळी परदेशातून येणाऱ्या लांब तंतूच्या कापसावरही शेकडा पाच जकात बसविली. वरवर पाहता यात देशी कापसाला संरक्षण दिसते. वस्तुस्थिती वेगळी होती. मुंबईच्या गिरण्यांनी लांब तंतूचा कापूस आणून बारीक सूत काढू नये व लँकेशायरच्या तलम मालाशी स्पर्धा करू नये, हा तीमागील हेतू होता. म्हणजे कापसाच्या तंतूची लांबी ही जकातीची कसोटी बनली, ती वऱ्हाडच्या शेतकऱ्यासाठी नव्हे.

एवढ्याने मँचेस्टरचे समाधान झाले नाही. भारतमंत्री लॉर्ड सॅलिसबरी यांचा आग्रह चालूच राहिला. सन १८७८ मध्ये जाड्याभरड्या कापडाचे काही प्रकार जकातमुक्त करण्यात आले, आणि मार्च १८७९ मध्ये लॉर्ड लिटन यांनी आपल्या कार्यकारी मंडळातील बहुमत डावलून, तीस नंबरपेक्षा बारीक सूत नसलेले सर्व कोरे कापड जकातमुक्त केले. देशी गिरण्यांचा माल बहुतांशी याच जाड्या वर्गातील असल्याने, जेथे स्पर्धा आहे तेथे जकात नको, असे या सवलतीचे तत्त्व सांगितले गेले.

या रेषेची अंमलबजावणी कशी होत असेल याचा विचार उद्बोधक आहे. ठाण पाहून सुताचा नंबर कळत नाही. त्यासाठी नमुना कापून ताणा व बाणा यांचे धागे उसवावे लागतात, त्यांची लांबी व वजन घ्यावे लागते. त्यात आणखी अडचण अशी की त्या काळच्या विलायती कोऱ्या कापडाला चिनी मातीची खळ भरपूर दिलेली असे. खळीच्या वजनाने सूत प्रत्यक्षापेक्षा जाडे भासते. म्हणून नमुना धुऊन खळ काढल्यावाचून खरा नंबर मिळत नाही. एका बाजूला इतकी नाजूक कसोटी व दुसऱ्या बाजूला संपूर्ण माफी अशी स्थिती असता व्यापार कोणीकडे वळेल हे उघड होते. निर्यातदारांनी आपला माल तीस नंबरच्या किंचित खाली बसेल असा तयार करण्यास आरंभ केला. पूर्वी जकात भरणारा मध्यम प्रतीचा माल मागे पडला व माफीच्या सदरातील माल वाढला. ही विसंगती टिकणारी नाही, हे कारण पुढे करून १८८२ मध्ये कापडावरील जकात सर्वस्वी उठविण्यात आली.

या प्रकरणातून एक नियम निष्पन्न होतो. कायदा रेषा आखतो, आणि माल रेषेच्या लाभदायक बाजूला येण्यासाठी आपले रूप बदलतो. पुढील प्रत्येक टप्प्यात हीच घटना वेगळ्या वेषात आढळते.

४. वीस नंबरची रेषा आणि देशी कापडावरील कर : १८९४ ते १९२६

रुपयाची किंमत घसरल्याने सरकारी तिजोरीत तूट आली, तेव्हा मार्च १८९४ मध्ये आयात मालावर पुन्हा शेकडा पाच जकात बसली. कापूसमाल मात्र वगळला होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तोही जकातीखाली आला. परंतु लँकेशायरवर अन्याय होऊ नये म्हणून हिंदुस्थानातील गिरण्यांत निघणाऱ्या वीस नंबरवरील सुतावर तेवढाच देशी कर लादण्यात आला.

वीस नंबरची ही रेषा वऱ्हाडच्या दृष्टीने सुसह्य होती. येथील कापसाचे सूत प्रायः तिच्या खालीच राही, आणि म्हणून करातून सुटे. पण लँकेशायरने तक्रार केली की जाड्या मालाला मिळणारी सूट हेच देशी गिरण्यांना संरक्षण आहे. फेब्रुवारी १८९६ मध्ये ही व्यवस्था मोडण्यात आली. सुतावरील जकात व कर दोन्ही उठले. त्याऐवजी आयात विणलेल्या कापडावर शेकडा साडेतीन जकात, आणि देशी गिरण्यांत विणलेल्या सर्व कापडावर, मग ते कितीही जाडे असो, शेकडा साडेतीन कर बसला.

रेषा पुसली गेली हाच येथे अन्याय ठरला. लँकेशायर ज्या प्रकारचे कापड फारसे धाडीतच नव्हते, अशा जाड्या कापडावर प्रथमच कर आला. हे कापड गोरगरीब नेसत, आणि त्याचा कच्चा माल वऱ्हाड-खानदेशच्या कापसासारखा आखूड तंतूचा असे. याविरुद्ध मुंबई इलाख्यात तीव्र प्रतिक्रिया उमटली; लोकमान्य टिळकांनी विलायती कापडावरील बहिष्काराचा पुरस्कार याच प्रसंगी केला.

तथापि या प्रकरणाची दुसरी बाजू नजरेआड करणे योग्य नाही. १८९६ च्या कायद्याने हातमागाला करातून वगळले होते आणि आयात सूत जकातमुक्त केले होते. मेहकर, देऊळगाव राजा यांसारख्या ठिकाणी हातमागाचा धंदा जुना होता. गिरणीचे सूत घेऊन विणणाऱ्या विणकऱ्याला ही व्यवस्था अनुकूलच होती. उलट १९२२ मध्ये आयात सुतावर शेकडा पाच जकात आली, आणि १९२७ मध्ये तिला पौंडामागे दीड आण्याची किमान मर्यादा जोडण्यात आली, तेव्हा सूतगिरण्यांचे रक्षण झाले व विणकऱ्याचा कच्चा माल महागला. एकाच जिल्ह्यात कापूस पिकविणारा, सूत विणणारा आणि कापड नेसणारा यांचे हित एका सदराने साधत नाही, हे येथे दिसून येते. ‘देशी उद्योगाचे संरक्षण’ या एका शब्दप्रयोगाखाली हे तीन भिन्न हितसंबंध झाकले जातात.

देशी कापडावरील हा कर जवळजवळ तीस वर्षे टिकला. १९१७ मध्ये आयात जकात शेकडा साडेसात झाली, १९२१ मध्ये अकरा झाली, पण देशी कर साडेतीनवरच राहिल्याने दोहोंतील अंतर वाढत गेले. डिसेंबर १९२५ मध्ये कराची वसुली थांबविण्यात आली व १९२६ मध्ये तो रद्द झाला.

५. जपानी गिऱ्हाईक

ज्या काळात लँकेशायरच्या सोयीने वर्गरेषा आखल्या जात होत्या, त्याच काळात वऱ्हाडी कापसाचा खरा ग्राहक बदलत होता. लँकेशायरची यंत्रे अमेरिकन कापसाला अनुरूप असल्याने युद्ध संपताच ते आखूड तंतूच्या मालापासून दूर गेले. सन १८९३ मध्ये निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीने जमशेटजी टाटा यांच्या सहकार्याने मुंबई-जपान जहाजफेरी सुरू केली, आणि १८९६ मध्ये जपानने कच्च्या कापसावरील आयात जकात उठविली. आखूड तंतूचा भारतीय कापूस व लांब तंतूचा अमेरिकन कापूस यांचे कुशल मिश्रण करण्याची पद्धत जपानी गिरण्यांनी साध्य केली. पहिल्या महायुद्धानंतर जपान हा भारतीय कापसाचा सर्वांत मोठा खरेदीदार झाला.

याचा परिणाम शेतावरही झाला. भरड असूनही भरपूर उतारा देणाऱ्या रोझियमसारख्या जाती वऱ्हाडात पसरल्या, कारण बाजारात वजनाला किंमत होती. अशा रीतीने जिल्ह्याचे पीक एका विशिष्ट ग्राहकाच्या गरजेशी अधिकाधिक जुळत गेले. बणीसारखी लांब तंतूची जात मागे पडल्याने, तो ग्राहक दुरावला असता दुसरा शोधणे तितकेच कठीण होणार होते.

६. संरक्षण, बहिष्कार आणि १९३४ चा करार

सन १९३० च्या संरक्षण कायद्याने ब्रिटिश कापडावर शेकडा पंधरा व इतर परदेशी कापडावर शेकडा वीस असा भेद केला, आणि साध्या कोऱ्या कापडावर पौंडामागे साडेतीन आणे ही किमान जकात ठेवली. येथे कापडाच्या वर्गीकरणात दोन नव्या कसोट्या आल्या. एक, मालाचा मूळ देश. दुसरी, किमतीऐवजी वजन.

वजनाची कसोटी स्वस्त मालावर अधिक भार टाकते. पुढे १९३४ मध्ये जपानी कोऱ्या कापडावर शेकडा पन्नास किंवा पौंडामागे सव्वापाच आणे, यांपैकी जी अधिक ती, असा दर ठरला. एखाद्या कापडाची किंमत पौंडाला आठ आणे धरली तर शेकडा पन्नासप्रमाणे जकात चार आणे होईल. परंतु वजनाच्या नियमाने ती सव्वापाच आणे, म्हणजे किमतीच्या सुमारे शेकडा पासष्ट होते. कागदावर पन्नास दिसणारा दर प्रत्यक्षात पासष्ट असू शकतो, हे सदराच्या रचनेमुळे घडते.

डिसेंबर १९३१ मध्ये जपानने सुवर्णचलन सोडले, येनची किंमत झपाट्याने घसरली आणि जपानी कापड अत्यंत स्वस्त झाले. हिंदुस्थान सरकारने ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिशेतर कापडावरील जकात शेकडा पन्नास व जून १९३३ मध्ये पंचाहत्तर केली. त्याआधी एप्रिल १९३३ मध्ये १९०४ चा व्यापारी करार संपुष्टात आणण्याची सूचना देण्यात आली होती. यावर जपानी सूतगिरण्यांनी भारतीय कापसावर बहिष्कार पुकारला.

या बहिष्काराचा आघात आखूड तंतूच्या कापसावर, पर्यायाने वऱ्हाड-खानदेशावर, सर्वाधिक होणे अपरिहार्य होते. जागतिक मंदीमुळे शेतमालाचे भाव आधीच कोसळले होते. सारा व सावकाराचे देणे मात्र रोख रकमेत होते. मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांना जी जकात जीवनदायी वाटत होती, तिच्यामुळेच खामगाव-मलकापूरच्या बाजारातील मोठे गिऱ्हाईक उठून जाण्याची वेळ आली. गिरणीमालक आणि कापूस उत्पादक यांचे हित एकच आहे, हे राष्ट्रीय चळवळीने स्वीकारलेले गृहीत येथे कसोटीला लागले.

सप्टेंबर १९३३ पासून सिमला व दिल्ली येथे वाटाघाटी झाल्या. भारतीय पक्षाचे नेतृत्व व्यापारमंत्री सर जोसेफ भोर यांनी केले. जपानी शिष्टमंडळाचे प्रमुख सेत्सुझो सावादा होते. जानेवारी १९३४ मध्ये समझोता झाला व जुलै १९३४ मध्ये लंडन येथे करारावर स्वाक्षऱ्या झाल्या. त्याचे वैशिष्ट्य असे की त्यात कापडाची आयात व कापसाची निर्यात एकमेकींना बांधली गेली. जपानने वर्षाला दहा लाख गाठी भारतीय कापूस घेतल्यास त्याला ३२.५ कोटी वार कापड आणता येईल. त्यावरील प्रत्येक दहा हजार गाठींमागे पंधरा लाख वार अधिक, आणि पंधरा लाख गाठींना ४० कोटी वारांची कमाल मर्यादा, असे प्रमाण ठरले.

कापडाच्या या कोट्याची पुढे चार सदरांत वाटणी होती : साधे कोरे शेकडा ४५, काठाचे कोरे शेकडा १३, धुवट शेकडा ८ आणि रंगीत शेकडा ३४. ३२.५ कोटी वारांच्या हिशेबाने काठाच्या कोऱ्या मालाचा, ज्यात धोतरांसारखा माल येई, वाटा ४.२२५ कोटी वार होतो. कापडाची सदरे अशी काळजीपूर्वक वेगळी केली असता, कापसाच्या बाजूला मात्र केवळ गाठींची एकूण संख्या मोजली गेली. पंजाबचा लांब तंतूचा अमेरिकन वाणाचा कापूस आणि वऱ्हाडची ऊमरा यांत कराराने भेद केला नाही. गिरणीमालकांच्या हिताला सदरवार संरक्षण मिळाले, आखूड तंतूच्या उत्पादकाच्या हिताला तसे मिळाले नाही. असे असले तरी बहिष्कार संपला आणि खरेदी पुन्हा सुरू झाली, हा लाभ लहान नव्हता.

वर्गरेषेला वळसा घालण्याची प्रवृत्ती येथेही प्रकट झाली. जकातीच्या तक्त्यात चार वारांपेक्षा अधिक लांब नसलेल्या तुकडेमालाचे वेगळे सदर होते. त्यावर दर कमी होता आणि तो कोट्याबाहेर होता. वस्तुतः ही सवलत गिरणीत उरलेल्या खऱ्या तुकड्यांसाठी होती. परंतु करारानंतर जपानी तुकडेमालाची आयात वाढली, आणि अखंड ठाणे मुद्दाम कापून तुकडे म्हणून धाडली जातात अशी तक्रार भारतीय गिरणीमालक करू लागले. कृत्रिम रेशमाचे कापडही सुती कापडाच्या कोट्यात येत नव्हते. त्यामुळे धाग्याचा पदार्थ बदलणे हा दुसरा मार्ग खुला राहिला. ब्रह्मदेश वेगळा झाल्यानंतर १९३७ मध्ये करार नव्याने झाला, त्यात मूळ कोटा २८.३ कोटी वार व कमाल ३५.८ कोटी वार ठरला, आणि तुकडेमालावरही मर्यादा घालण्यात आली. चार वारांची एक रेषा अशा प्रकारे आंतरराष्ट्रीय कराराचा विषय बनली.

७. उत्पादकाच्या नावाने एक कर

जुलै १९४१ मध्ये जपानशी व्यापार थांबला आणि वर्षअखेर युद्ध पेटले. आखूड तंतूच्या कापसाचे मोठे गिऱ्हाईक एकाएकी नाहीसे झाले. जेमतेम आठ वर्षांपूर्वी आलेले संकट आता अधिक कायम स्वरूपात पुढे उभे राहिले. सन १९४२ मध्ये सरकारने वटहुकुमाने आयात कापसावर पौंडामागे एक आणा जादा जकात बसवून त्या उत्पन्नातून आखूड तंतूच्या कापसाच्या उत्पादकांच्या साहाय्यासाठी निधी निर्माण केला.

सन १८७५ च्या व १९४२ च्या तरतुदी शेजारी ठेवल्या असता त्यांतील साम्य व भेद दोन्ही लक्षणीय वाटतात. दोहोंत परदेशी कापसावर जकात होती. पहिलीचा हेतू देशी गिरण्यांना तलम मालापासून दूर ठेवण्याचा. दुसरीचा हेतू संकटात सापडलेल्या शेतकऱ्यास मदत देण्याचा. आयातीच्या सदरातून आलेला पैसा कापूस पिकविणाऱ्याच्या नावे बाजूला काढण्यास दोन तृतीयांश शतक जावे लागले, आणि तेही युद्धाने अन्य उपाय बंद केल्यावर.

८. सुतावाचूनचे कापड

वरील सर्व वर्गरेषांचे एक समान गृहीत होते. कापड म्हणजे सूत, आणि सूत म्हणजे ताणा व बाणा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे गृहीतच डळमळीत झाले. पॉलिप्रॉपिलीनसारखा पदार्थ वितळवून बारीक छिद्रांतून काढावा, त्याचे तंतू पट्ट्यावर जाळीसारखे पसरावेत आणि उष्णतेने एकमेकांस चिकटवावेत, म्हणजे न कातता व न विणता कापड तयार होते. व्यापारात त्यास नॉनवोव्हन म्हणतात. त्यात ताणाबाणाही नाही आणि सुताचा नंबरही नाही. १८७९ किंवा १८९४ च्या जकात अधिकाऱ्यापुढे हे कापड ठेवले असते तर त्याची कसोटी निरुपयोगी ठरली असती.

अशा वस्तूस कापड म्हणावे काय, हा प्रश्न प्रथम न्यायालयांपुढे आला. पॉरिट्स अँड स्पेन्सर कंपनी विरुद्ध हरियाणा राज्य या १९७८ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कागद कारखान्यातील ड्रायर फेल्ट ही वस्तू विक्रीकर कायद्याच्या अर्थाने वस्त्र ठरविली, आणि वस्त्र ही कल्पना स्थिर नसून नव्या पदार्थांबरोबर व नव्या प्रक्रियांबरोबर विस्तारत जाणारी आहे असा अभिप्राय दिला. या अभिप्रायाने नव्या प्रकारच्या कापडांना वस्त्रांच्या सदराचे दार उघडे राहिले.

जकातीच्या तक्त्याने मात्र नवी रेषा आखली. भारताने १९७५ च्या सीमाशुल्क दर कायद्याचा तक्ता १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय सुसंवादी पद्धतीप्रमाणे बदलला. त्यात नमदा व सुईने टोचून केलेले फेल्ट ५६०२ या शीर्षात, आणि नॉनवोव्हन ५६०३ या शीर्षात येते. ५६०३ मध्ये मानवनिर्मित अखंड तंतूंचा माल व इतर माल असे दोन भाग असून, प्रत्येक भागात चौरस मीटरच्या वजनावरून चार पायऱ्या आहेत : २५ ग्रॅमपर्यंत, २५ ते ७०, ७० ते १५०, आणि १५० ग्रॅमच्या वर. सुताच्या नंबराची जागा चौरस मीटरच्या वजनाने घेतली आहे. प्लास्टिकचा लेप असल्यास आणखी एक कसोटी लागते. कापड प्लास्टिकमध्ये पूर्णपणे बुडालेले असेल, किंवा दोन्ही बाजूंनी सर्वत्र दिसेल असा लेप असेल, तर ते वस्त्रांच्या प्रकरणातून निघून प्लास्टिकच्या ३९ व्या प्रकरणात जाते. २०११ पासून सदर ठरवून घोषित करण्याची पहिली जबाबदारी आयातदारावरच आहे. म्हणून तंतू अखंड की तुटक, जोडणी कोणत्या प्रकारची, वजन किती, लेप कसा, ही माहिती मालाबरोबर तयार ठेवणे त्याला भाग पडते. जुन्या काळी खळ धुऊन नंबर काढावा लागे. आता लेप वगळून तंतूंचा विचार करावा लागतो. प्रश्नाचे स्वरूप फारसे बदललेले नाही.

याच पदार्थाची पिशवी शिवली की तिचे सदर पुन्हा बदलते. ३१ डिसेंबर २०१८ च्या केंद्रीय परिपत्रकाने, वस्तू व सेवा कराच्या प्रयोजनासाठी, पॉलिप्रॉपिलीनच्या नॉनवोव्हन पिशव्या ३९२३ या प्लास्टिकच्या शीर्षात मोडतात व त्यांवर शेकडा १८ कर लागतो असे स्पष्ट केले. हा कर सीमाशुल्काच्या तक्त्याचेच वर्गीकरण वापरतो. प्लास्टिक कचऱ्याच्या केंद्रीय नियमांनीही अशा पिशव्यांना प्लास्टिकच मानून सप्टेंबर २०२१ अखेरपासून त्यांना चौरस मीटरला किमान ६० ग्रॅमची अट घातली. म्हणजे हा पदार्थ थानरूपाने बंदरावर वस्त्र असतो आणि पिशवीच्या रूपाने बाजारात प्लास्टिक. कापडी म्हणून दिसणाऱ्या या पिशवीने ज्या सुती पिशवीची जागा घेतली, तिचा कच्चा माल बुलढाण्यासारख्या जिल्ह्यांत पिकतो. म्हणून या वर्गरेषेतही कापूस उत्पादकाचा संबंध आहे, जरी परिपत्रकात त्याचा उल्लेख नसला तरी.

९. समारोप

उपरिनिर्दिष्ट विवेचनावरून तीन गोष्टी सांगता येतील. पहिली, कापडाच्या वर्गीकरणाची मोजमापे तांत्रिक दिसली तरी ती बहुधा कोणा प्रबळ हितसंबंधाच्या संदर्भात निश्चित झाली. तीस नंबर व वीस नंबर ही लँकेशायरची सोय होती, चार सदरांचा कोटा गिरण्यांची. दुसरी, प्रत्येक रेषेने मालाला नवे रूप घेण्यास प्रवृत्त केले. तीस नंबरच्या खालचे कापड, चार वारांचे तुकडे आणि कृत्रिम रेशीम ही एकाच प्रवृत्तीची उदाहरणे होत. चौरस मीटरच्या वजनाची नवी रेषा तिला अपवाद ठरेल असे मानण्यास आधार नाही. तिसरी आणि या जिल्ह्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की वर्गीकरण तयार वस्तूपासून आरंभ करते आणि कच्च्या मालाचा विचार शेवटी करते, किंवा करीतच नाही. १९४२ चा निधी हा या मालिकेतील ठळक अपवाद आहे.

वऱ्हाडच्या आर्थिक इतिहासात पिके, पर्जन्य, सारा व कर्ज यांचा अभ्यास पुष्कळ झाला आहे. त्याच्या जोडीला जकातीच्या तक्त्याचाही अभ्यास व्हावयास हवा. १९३३ साली खामगावच्या बाजारात कापसाची एक खंडी कोणत्या भावाने गेली, याचे उत्तर केवळ त्या वर्षीच्या पावसात सापडणार नाही. त्याचा एक भाग सिमल्याच्या वाटाघाटींत आणि कोऱ्या, काठाच्या, धुवट व रंगीत कापडाच्या वाटणीत शोधावा लागेल.